मावशींच्या हातावरचं बिऱ्हाड

मी एक जुना जंतू आहे. मित्रांनो, नाकं मुरडून झाली असतील तर पुढे ऐका. तुमच्याही हातावर माझे भाऊबंद आत्ता बसलेले आहेत. आम्ही एकेकटे फार जगत नाही. एकाचे दोन, दोनाचे चार होत वंश चालवतो. म्हणून साठ वर्षांची ही गोष्ट मी 'मी' म्हणूनच सांगतो.

माझं बिऱ्हाड दवाखान्यात सफाई करणाऱ्या एका बाईंच्या उजव्या हातावर आहे. त्यांना सगळे मावशी म्हणतात. त्या जन्मल्या तेव्हा त्यांच्या आईच्या अंगावरून मी त्यांच्याकडे आलो. त्यांच्या कातडीचं तेल खायचं आणि बदल्यात ती कातडी राखायची, हा आमचा करार. मी ओलावा टिकवला, वाईट जंतूंना उंबऱ्याबाहेर ठेवलं. शाबासकी कोणी दिली नाही. उलट दवाखान्याच्या भिंतीवर आमचं दात विचकणारं हिरवं चित्र आणि वर लाल फुली. मावशी रोज ते फडक्याने पुसत.

वय झालं तसं त्यांच्या हाताचं तेल आटलं, कातडी पातळ झाली. माझी माणसं घटली, तरी संसार चालू होता. मग मावशींना नातू झाला. आईकडून आलो तसाच त्या बाळाकडे जायचं, एवढीच माझी इच्छा होती.

सूनबाई दारातच म्हणाली, "आई, राग मानू नका, पण तुम्ही दिवसभर संडास धुता. हात नीट धुऊन मगच बाळाला घ्या."

"अगं, साबणाने धुतलेत की."

"तरी वास येतोय."

मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. याच हातांनी त्याला न्हाऊमाखू घातलं होतं. त्याने वर पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम संपलं की मावशी फरशीच्या औषधाचा कॅन उघडू लागल्या. बादलीभर पाण्यात एक झाकण, हा नियम त्यांनीच नव्या बायकांना शिकवला होता. स्वतःच्या हातांवर मात्र नुसतं औषध, वरून फरशीचा ब्रश.

"मावशी, हात आहेत ते, फरशी नाही!" सोबतीण ओरडली.

"फरशीवरचे जंतू मरतात ना? मग हातावरचे काय जावई लागून गेलेत?"

जावई कसले, आम्ही तर घरचेच होतो. पहिल्याच दिवशी निम्मे मेलो. आठवड्यात कातडी कागदासारखी कोरडी झाली, सुरकुत्या खोल गेल्या. हात दहा वर्षांनी म्हातारा दिसू लागला. मग बोटांना भेगा पडल्या आणि ज्याला मी जन्मभर बाहेर ठेवलं, तो वाईट जंतू त्यातून आत शिरला. आम्ही मूठभर उरलेले बघत राहिलो.

बाराव्या दिवशी मावशींनी हात पुढे केले. "बघ, आता वास नाही."

सुनेने बाळाला छातीशी धरलं आणि ती मागे सरकली. "शी! पू आहे, आई. बाळाला लागेल."

या वेळी तिचं बरोबर होतं, हेच मला सहन होत नाही.

मित्रांनो, साबण-पाण्याशी माझं वाकडं नाही. बाळाला घेण्याआधी हात धुवाच, मग थोडं तेल लावा. फक्त माणसाची कातडी फरशीसारखी घासू नका. मावशींना मात्र हे घरच्या कोणीच सांगितलं नाही. त्या आता पुन्हा कॅनपाशी आल्या आहेत, झाकण फिरवत आहेत आणि स्वतःशीच म्हणत आहेत, "माझंच चुकलं. अजून नीट धुवायला हवेत."