रखमाबाईंचा पोटपट्टा

मित्रांनो, मी एक जुना पोटपट्टा आहे. हसू नका. घरात बाळ आलं की तुम्ही सगळे पाळण्याभोवती गोळा होता, पण त्या बाळाच्या आईचं पोट कोण बांधतं आणि कशाने बांधतं, हे कुणी विचारत नाही. ते काम माझं. सहा हात लांब, दीड वीत रुंद, मऊ सुती कापड आणि एका टोकाला विटक्या हिरव्या काठाची पट्टी, एवढंच माझं रूप. स्वभाव म्हणाल तर अस्वस्थ. चाळीस वर्षांहून जास्त काळ मी एक गोष्ट दडवून ठेवली. ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म सावंतवाडीजवळच्या एका खेड्यात झाला. एकवीस वर्षांच्या रखमाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. त्यांच्या आईने आपलं जुनं लुगडं टर्रकन फाडलं आणि मी वेगळा झालो. खोबरेल चोळून झालं, ओव्याचा शेक झाला, मग सुईणीने रखमाबाईंच्या पाठीला गुडघा टेकून मला पोटाभोवती आवळलं. "ओढ गो, आजून ओढ!" आई म्हणत होती. मला वाटलं, वा, आपल्यावाचून या बाईचं काही चालणार नाही. फार अभिमान वाटला तेव्हा.

पुढे रखमाबाईंबरोबर मी मुंबईत नायगावला बीडीडी चाळीत आलो. त्यांच्या चार बाळंतपणांत चारही वेळा मीच होतो. त्यांची खानावळ होती, बारा गिरणी कामगार जेवायला असत. बाळ पंधरा दिवसांचं झालं की रखमाबाई मला कमरेला बांधून भाताचं भलंमोठं पातेलं उतरवायला उभ्या. शेजारणी कौतुक करत, "रखमाचा कणा बघा, लोखंडाचा!"

आता ती गोष्ट सांगतो. बाळाला जागा हवी म्हणून आईच्या पोटाचे स्नायू मधोमध एकमेकांपासून लांब सरकतात. बाळ जन्मल्यावर ते हळूहळू जवळ येतात. रखमाबाईंचे आले नाहीत. पातेलं उचलताना त्या श्वास रोखत आणि त्यांच्या बेंबीच्या वर एक उंचवटा माझ्यावर आतून धडका मारी. मला तो रोज कळायचा. पण वरून मी सपाट दिसत होतो ना! माझ्यामुळे तो कुणाला दिसलाच नाही. पुढे सगळे म्हणू लागले, रखमाचं पोट सुटलंय. कंबर धरली की त्या स्वतःच म्हणत, बाईमाणसाची कंबर दुखायचीच. चौथ्या खेपेनंतर त्यांनी मला धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवलं. "खूप राबलो बिचारो," म्हणाल्या. त्या कौतुकाने मला जास्तच अपराधी वाटलं. मग मी कितीतरी वर्षं त्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या वासात तळमळत पडून होतो.

गेल्या डिसेंबरात ट्रंक उघडली. रखमाबाईंचा धाकटा मुलगा विनीत, त्याची बायको दर्शना. तिला मुलगी झाली, स्पृहा. दर्शनाला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच झालं आणि रखमाबाईंनी ते जिवापाड केलं. तेल, शेक, आळिवाची खीर, आणि मग मी. गुडघा पाठीला टेकला, मला तसंच करकचून ओढलं.

"आई, जेवण पण जात नाहीये मला," दर्शना म्हणाली.

"जायत, जायत. घट्ट बांधल्याशिवाय पोट आत जावचा नाय."

मी मनात ओरडत होतो, अहो, तुमचं तरी कुठे गेलं! पण कापडाचं कोण ऐकतं?

दर्शना दादरच्या एका मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका आहे. कबड्डी, लेझीम, कवायत. मैदानावर तिची शिट्टी वाजली की तीनशे मुली एका दमात सरळ होतात म्हणे. त्या मैदानासाठी तिचा जीव तुटत होता. जूनच्या मध्यात शाळा उघडणार आणि तिची रजाही तेव्हाच संपणार. दोन महिने झाले तरी पोट तसंच, म्हणून तिने खेळाडूच्या हट्टाने उठाबशा सुरू केल्या. त्याही कसल्या, पाठीवर झोपून, हात डोक्यामागे घेऊन, कंबरेतून थेट उठायचं. आधी वीस, मग पन्नास, मग शंभर, आणि तेही मला आवळून. प्रत्येक वेळी तो ओळखीचा उंचवटा माझ्यावर आपटायचा. पुन्हा तेच होत होतं, माझ्याच आड होत होतं.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी ती जमिनीवरच्या स्पृहाला उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. कंबरेत कळ आली होती. बाळ रडत होतं, दर्शना हात पुढे करत होती, पण त्याला उचलायचं बळ नव्हतं. विनीत धावत आला. त्याच दुपारी मुख्याध्यापिकांचा चौकशीचा फोन आला आणि दर्शनाने त्यांना कंबरेचं सांगितलं. "जमणार नसेल तर तुम्हाला ग्रंथालयात घेऊ. जूनपर्यंत सांगा." दर्शना "कळवते" म्हणाली आणि फोन ठेवून भिंतीकडे तोंड करून बसली.

डॉक्टरांनी तिला परळला एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. नूपुर तिचं नाव. स्पृहाला सांभाळायला रखमाबाईही सोबत गेल्या. कुर्ता वर केल्यावर नूपुरला आधी मीच दिसलो.

"बापरे, हे एवढं कोणी आवळलंय?"

"मी," रखमाबाई म्हणाल्या.

मला सोडलं तेव्हा कातडीवर माझे लाल वळ उठले होते. नूपुरने दर्शनाला गुडघे दुमडून उताणं झोपवलं आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवली. "आता फक्त डोकं उचला." मग म्हणाली, "तीन बोटं आत जातायत. हे बघा, मधे कसं वर येतंय. ही चरबी नाहीये, स्नायू लांब गेलेत. या उठाबशा आजपासून बंद. एकदम बंद."

"मग मी करू काय? जूनला मैदानावर उभं राहायचंय मला."

"राहाल. पण घाई केलीत तर ग्रंथालय नक्की."

रखमाबाईंना ते लागलं. "ह्याच पट्ट्यान माझी चार बाळंतपणा झाली. मी उभी आसंय ना?"

"काकू, पट्टा वाईट नाही," नूपुर शांतपणे म्हणाली. "सुरुवातीला थोडा वेळ, सैल बांधला तर आधार होतो. दिवसभर करकचून बांधला की आतले स्नायू कामच सोडून देतात. आणि वरून दाबलेल्या पोटाचा जोर खाली ओटीपोटावर येतो."

घरी आल्यावर रखमाबाईंनी मला फडक्यांच्या टोपलीत टाकलं. तीन दिवस मी शेगडीचा कट्टा पुसला. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. पण सुटल्यासारखंही वाटलं.

चौथ्या दिवशी दर्शना शोधत आली. "आई, तो पट्टा कुठाय? नूपुरने व्यायामाला जुनं मऊ कापड सांगितलंय." मला साबणाने धुतलं, वाळवलं आणि सतरंजीवर अंथरलं. दर्शना माझ्यावर उताणी झोपली, माझी दोन टोकं पोटावर फुलीसारखी घेऊन तिने हातात धरली. श्वास सोडत पोट हळूच आत घ्यायचं, टोकं जरा जवळ ओढायची आणि फक्त डोकं उचलायचं. दहा वेळा. मग एक टाच सरकवायची, मग दुसरी. आता किती ओढायचं ते तीच ठरवत होती. ओढ सोडली की मीही सैल.

पण धीर कुणाला होता? तिला नव्हता, मलाही नव्हता. शंभर उठाबशा काढणाऱ्या बाईला दिवसभर टाचा सरकवायला सांगा, ती चिडणारच. दर आठवड्याला बोटं घालून बघायची. तीन. पुन्हा तीन. एप्रिल संपताना अडीच. मेमध्ये एके सकाळी नळ जायच्या घाईत तिने श्वास रोखून भरलेली बादली उचलली आणि कंबर पुन्हा धरली.

"ठेव ती बादली!" रखमाबाई ओरडल्या आणि स्वतः बादली उचलून मोरीत नेली. मी तेव्हा दोरीवर वाळत होतो. बादली ठेवताना त्यांचा डावा हात पोटावर गेला आणि तिथेच दाबून राहिला. दर्शनाने ते पाहिलं नाही. मी पाहिलं.

त्या दिवसापासून रखमाबाई सतरंजीजवळ भाजी निवडायला बसू लागल्या. नजर भाजीवर, कान दर्शनाच्या श्वासाकडे. "कुशीवर वळान उठ," असं आता त्याच बजावत होत्या.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दर्शनाने नेहमीसारखी माझी टोकं धरली, श्वास सोडला, डोकं उचललं. मी उंचवट्याची वाट पाहत होतो. तो आला नाही. तिलाही काहीतरी जाणवलं असावं. तिने माझी टोकं सोडून दिली आणि माझ्या आधाराशिवाय पुन्हा डोकं उचललं. पोट सपाट राहिलं. बोटं घातली, तर जेमतेम दीड बोट आणि त्याखाली घट्ट. दर्शना कुशीवर वळून उठली, श्वास सोडत तिने स्पृहाला उचलून घेतलं आणि हसता हसता रडायला लागली. "आई, मी उद्या मैदानावर जातेय!"

रखमाबाईंनी भाजीचं ताट बाजूला सारलं. उठून दाराला कडी घातली.

"दर्शना, माझा पण बघ जरा."

आणि त्या माझ्यावर येऊन आडव्या झाल्या. दर्शनाने स्पृहाला पाळण्यात ठेवलं, सासूच्या पोटावर बोटं ठेवली. "डोकं उचला आई." चार बोटं आत गेली. ती दचकली.

"आई, हे कधीपासून?"

"पयल्या बाळंतपणापासून. कोणाक सांगूक नाय. लाज वाटायची." मग त्या म्हणाल्या, "तुका आवळून बांधलंय, ता चुकलाच माझा. माका वाटायचा, माका सैल बांधला म्हणान असा झाला."

ऐकलंत, मित्रांनो? चाळीस वर्षं त्या मला दोष देत नव्हत्या, सैल गाठीला देत होत्या. म्हणून सुनेला जास्त घट्ट बांधलं. मायेनेच बांधलं.

"पूर्ण मिटेल असं नाही सांगत," दर्शना म्हणाली, "पण कंबरेला तरी आराम पडेल. शनिवारी नूपुरकडे जाऊ. आज नुसता श्वास सोडायचा." तिने माझी दोन टोकं रखमाबाईंच्या हातात दिली. जुन्या सवयीने त्यांनी मला करकचून ओढलं.

"हळू, आई. एवढं घट्ट नको."

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. घरातल्या कुणाचं पोट सुटलंय म्हणून हसू नका आणि दुखत असेल तर ते माझ्यासारख्याच्या आड झाकू देऊ नका. तिला विचारा, दाखवायला घेऊन जा. मला बांधायचंच असेल तर सैल बांधा, आणि वेळ झाली की सोडा.

आता दर्शनाच्या शाळेची तयारी चालली आहे. शिट्टी सापडत नाही म्हणून घरभर शोधाशोध. मी सतरंजीवरच आहे. रखमाबाईंनी अजून माझी टोकं सोडलेली नाहीत. त्या डोळे मिटून श्वास सोडत आहेत आणि हात सैल ठेवायला शिकत आहेत.