पाद्रीची दोरी

"डॅडी, मगर मारताना तुम्ही कधी रडलात का?"

ओदीलने विचारून टाकलं. शाळेच्या बसमध्ये कॅमिल आणि तिच्या टोळीने पैज लावली होती, की ओदील लांड्री जगात कुणालाही काहीही विचारेल, पण स्वतःच्या बापाला हे विचारायची तिची छाती होणार नाही. घ्या! विचारलं. यंदा तिला शिकारीचा परवाना मिळाला होता आणि तेव्हापासून ती उगाचच ताठ चालत होती, बोटीतसुद्धा.

वडिलांनी इंजिन बंद केलं. बोट गवत घासत पाण्यात रोवलेल्या बांबूपाशी थांबली.

"कोंबडीचा तुकडा दे," ते म्हणाले.

"हे काय उत्तर झालं?"

"तंगडी दे. मोठी बघून."

तिने बादलीतली वास मारणारी तंगडी गळाला टोचली. कालचं आमिष बांबूच्या टोकाला तसंच लोंबत होतं, उन्हाने वाळून काळं पडलेलं. बाकीच्या सगळ्या दोऱ्यांना मगरी लागल्या होत्या. दलदल लांड्रींच्या मालकीची. जमिनीच्या मानाने सरकार बिल्ले देई, आणि मारलेल्या प्रत्येक मगरीच्या शेपटीला एक बिल्ला लागे. आता एकच उरला होता. तो पाद्रीचा.

घराजवळच्या म्हाताऱ्या मगरीला पाद्री हे नाव पेपेरने, म्हणजे आजोबांनी ठेवलेलं. "बघ की," पेपेर म्हणायचा, "संध्याकाळची प्रार्थना एक दिवस चुकवत नाही, आणि पोट बघ कसं सुटलंय!" मग घरामागच्या धक्क्यावरच्या खुर्चीत बसून तो माशांची मुंडकी एकेक करून पाण्यात टाकायचा. मगरीला खाऊ घालू नये, तिची माणसाची भीती मोडते, हे या भागात लहान पोरालाही ठाऊक. पेपेरलाही होतं. वसंतात पेपेर गेला. खुर्ची धक्क्यावरच राहिली आणि पाद्री येत राहिला. आधी पायऱ्यांखाली, मग पायऱ्यांवर. गेल्या आठवड्यात तो वरच्या पायरीवर पडून होता आणि तीन वर्षांचा टोबी त्याला पाव दाखवत होता.

"चिमटा मी लावते," ओदील म्हणाली.

दोरी बांबूला कपड्याच्या चिमट्याने अडकवायची, म्हणजे मगरीने हिसका दिला की ती चिमट्यातून सुटते आणि आमिषासकट गळ मगरीच्या पोटात जातो. ती चवड्यांवर उभी राहिली, हात ताणला. पोचला नाही. वडील बोटीच्या फळीवर चढले, तिच्या हातून चिमटा घेतला आणि स्वतःच लावला. तंगडी त्यांच्या टोपीच्याही वर डोलू लागली.

"एवढी उंच?"

"लहान मगरींनी ओढू नये म्हणून."

"पण पेपेर तर..."

"बस खाली. बोट हलतेय."

ती बसली. मान वर करून तिने तंगडीकडे पाहिलं, मग खाली पाण्याकडे. मोठ्या मगरीसाठी पाण्यापासून दोन हात, हे पेपेरने तिला टोबीएवढी असताना शिकवलं होतं. वडिलांनाही त्यानेच शिकवलं असणार. ओदील अशी गप्प बसली तर वडील एरवी ताप बघायला कपाळाला हात लावायचे. आज त्यांनी तिच्याकडे बघितलंच नाही.

घराजवळ पाद्री होता. खुर्चीच्या बरोब्बर खाली, नाक आणि डोळे तेवढे पाण्यावर. बंदूक बोटीत दोघांच्या मध्ये पडली होती.

"इथूनच मारला तर?" तिने हळूच विचारलं.

"गळाला नसलेली मगर बुडते. हाती लागत नाही. वाया जाते."

ते खरंच होतं. पण मग त्यांनी इंजिन अगदी मंद केलं, लाट उठू नये इतकं, आणि बोट लांबून वळवून नेली. जाताना त्यांचा हात टोपीकडे गेला आणि टोपी सारखी केल्यासारखं करून खाली आला. चर्चमध्ये पेपेरच्या शवपेटीजवळून जाताना गेला होता तसा.

जेवताना मम्मीने टोबीची खुर्ची आपल्याजवळ ओढून घेतली.

"लागला का?"

"हुशार आहे म्हातारा," वडील म्हणाले. "गळ ओळखतो."

"उद्या हंगामाचा शेवटचा दिवस. नाहीतर परवा मी सरकारी माणसाला बोलावणार. कुणी का परका येईना, मारू दे त्याला. पोर आहे माझं, मला त्याचे हात शाबूत हवेत."

"पाद्री पाव खातो," टोबी म्हणाला.

कुणी हसलं नाही. वडील भातात चमचा फिरवत राहिले. कोळंबी एका बाजूला, भात एका बाजूला, मग पुन्हा सगळं एकत्र. ओदील त्या चमच्याकडे बघत होती. सोमवारी बसमध्ये कॅमिल विचारेलच. हरले म्हणून सांगायचं. विचारायची हिंमतच झाली नाही म्हणायचं. हसतील, हसू देत.

खिडकीबाहेर धक्क्याखाली पाणी एकदा डुबुक वाजलं. वडिलांचा चमचा थांबला.

"उद्याची दोरी मी बांधणार," ओदील म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बारीक आला. "पाण्यापासून दोन हात. पेपेर बांधायचा तेवढीच. मम्मी, बंदूक तू धर, तुझा नेम चांगला आहे, पाद्रीला कळायचंही नाही. आणि डॅडी, तुम्ही टोबीपाशी घरात थांबायचं."