काळी नळी

"बाई, ऊन डोक्यावर आलं! अजून पाजूनच राह्यली काय तू?"

खुशालराव ओसरीवरून ओरडला. आतल्या खोलीत त्याची थोरली बहीण तानुबाई भिंतीला टेकून बसली होती. तिच्या मांडीवर खुशालरावाची दीड महिन्याची मुलगी, मैना. तानुबाई कापसाची वळलेली वात शेळीच्या दुधात बुडवायची आणि मैनाच्या ओठांना लावायची. बुडवायची, लावायची. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

"वरडू नको," ती म्हणाली. "आत्ता कुठं दोन घोट पोटात गेले तिच्या. तू वरडला का दचकते अन् ठसका लागते."

"वावरात कापूस फुटून लोंबून राह्यला. वारा सुटला तर समदा मातीत जाईन."

"जाऊ दे मातीत!"

त्या साली वऱ्हाडात असं बोलणारी ती एकटीच असेल. गोऱ्यांच्या मुलखात कुठेशी लढाई लागली होती म्हणे, आणि तिच्यापायी तिवशापासून अमरावतीपर्यंत काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. कालपर्यंत घोंगडीवर बसणारे लोक लोडाला टेकून बसू लागले. खुशालरावाने ओसरीवर पांढरीशुभ्र गादी घातली आणि एक गुडगुडी आणली. ती ओढताना त्याला खोकला यायचा, पण ओढायचा.

तानुबाई या घरात आली ती नवरा गेल्यावर, वीस वर्षांपूर्वी. मूलबाळ नव्हतं. भावाचं शेत तिने आपलं म्हणून वेचलं, भावजयीचं बाळंतपण आपलं म्हणून केलं. पण भावजय जमुना बाराव्या दिवशी तापाने गेली आणि मैना उघडी पडली. पूर्वी असं झालं की आळीतल्या ओल्या बाळंतिणी पाळीपाळीने लेकराला पदराखाली घेत. तानुबाई मैनाला घेऊन तीन दारांत गेली. तिन्ही दारांत एकच उत्तर मिळालं. सून वेचणीला गेली आहे, दिवस मावळता येईल. तानुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मंग कापसालेच पाजा मनावं दूध!" असं भर आळीत ओरडून ती परत आली.

मग चोचीच्या वाटीने, बोंडल्याने, पाजून पाहिलं. बोंडल्याच्या तोंडातून दूध भसकन यायचं, मैनाच्या नाकातोंडात जायचं आणि पोर काळीनिळी व्हायची. दोनदा तर तिचा श्वासच अडकला. तानुबाईने बोंडलं उतरंडीवर ठेवून दिलं आणि वात वळली. आडवं धरलं की मैना प्यायची नाही. डाव्या मांडीवर, डोकं वर करून, गालावर बोट फिरवत राहिलं की तोंड उघडायची. अर्धी वाटी दूध पोटात जायला घटका दीड घटका लागायची, आणि मग खांद्यावर घेऊन ढेकर येईपर्यंत फिरायचं. दिवसातून आठ वेळा. पण पोर जगत होती. तिच्या मनगटाला बारीकशी वळी पडली तेव्हा तानुबाई एकटीच हसली होती.

खुशालरावाला हे सगळं दिसत नव्हतं असं नाही. पण गावात तानुबाईसारखी वेचणारी दुसरी नव्हती. एका हाताने चार बायांचं काम करायची ती. अशी बाई कापसाच्या दिवसांत मांडी घालून बसली की त्याचा जीव खालीवर व्हायचा.

तो कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला गेला आणि पाचव्या दिवशी परत आला. पायही धुतले नाहीत. ओसरीवर आळी गोळा केली, आणि लाकडाच्या पेटीतून एक काचेची बाटली काढली. बाटली चपटी, पोटाकडे फुगीर. तिच्या बुचातून हातभर लांब काळी, वाकणारी, कसल्याशा चिकाची नळी निघाली होती, आणि नळीच्या टोकाला चोखायची बोंडशी.

"मुंबईची हाये," खुशालराव म्हणाला. "सायबाचे पोट्टे याच्यावरच वाढते. बाटली पाळण्यात ठेवाची, नळी तोंडात द्याची, झालं. कोनाले बसा लागत नाई!"

पेटीत एक लांब दांडीचा, बारीक केसांचा कुंचाही होता. तो कशासाठी ते अमरावतीच्या दुकानदाराने सांगितलं नव्हतं, आणि खुशालरावाने विचारलं नव्हतं. आपण अडाणी दिसू म्हणून नाही विचारलं. सायबाच्या वस्तूबद्दल दुकानात प्रश्न विचारायचे नाहीत, मान डोलवायची, ही त्या साली नव्याने श्रीमंत झालेल्या सगळ्यांचीच रीत होती.

मैनाच्या तोंडात बोंडशी दिली. तिने क्षणभर तोंड वाकडं केलं, आणि मग चुटूचुटू ओढू लागली. आळी हसली. खुशालरावाचे डोळे भरून आले, हेही खरंच. तानुबाई मात्र हातातली वात चुरगाळत उभी राहिली. तिला आनंद झाला आणि सललंही. रात्रंदिवस जिवाचं पाणी करून जे साधत नव्हतं ते एका बाटलीने चुटकीसरशी केलं होतं.

"आता जाशीन ना वावरात?" खुशालराव म्हणाला.

"जातो," ती म्हणाली.

शेजारची म्हातारी पार्बताबाई पाळण्यापाशी बसायला आली. तिला एका डोळ्याने दिसायचं नाही आणि दुसऱ्याने थोडं. बाटली रिकामी झाली की ती वरून दूध ओतायची. तानुबाई वावरातून आली की बाटली राखेने घासायची, ऊन पाण्याने खळखळून धुवायची. काच लखलखीत व्हायची. नळी ती बाहेरून पुसायची. आत पाहायचा प्रयत्न केला तर काळोखच दिसायचा.

पहिले आठ दहा दिवस मैना फुगत गेली. तानुबाईनेसुद्धा मनात कबूल केलं की आपण उगाच जळत होतो. मग एके दिवशी मैनाने प्यालेलं सगळं उलटलं. दुसऱ्या दिवशी जुलाब लागले, हिरवे, फेसाळ. तिसऱ्या दिवशी ती रडलीच नाही, नुसती कण्हत राहिली.

तानुबाईने बोंडशी नाकाला लावली. "खुशाल, याले वास येऊन राह्यला."

"दुधाची वस्तू हाये. दुधाचा वास येईन, नाई तर का अत्तराचा येईन?"

"नासका वास हाये हा. बंद कर हे. मी पाजतो आधीसारखी."

"नजर लागली हाये तिले. समदी आळी पाहाले येते." त्याने मीठमिरच्या ओवाळायला सांगितल्या आणि वैद्याकडून मात्रा आणवली. तानुबाई तरी हटेना, तेव्हा तो चिडून म्हणाला, "तुह्या हातानं पेत नव्हती अन् बाटलीनं पेते, हे सलून राह्यलं तुले. मले काय समजत नाई काय?"

हे वर्मी बसलं, कारण त्यात थोडं खरं होतं. म्हणूनच ती गप्प बसली. गप्प बसून चांगले तीन दिवस वावरात गेली. या तीन दिवसांचा राग तिला पुढे जन्मभर स्वतःवर येत राहिला.

चौथ्या दिवशी तिचं मन लागेना. ओटीत अर्धाच कापूस झाला होता, तशीच ती दुपारी घरी परतली. आत पार्बताबाई पेंगत होती. पाळण्यात मैना मान टाकून पडली होती. डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, आणि तोंडात ती काळी नळी. ती ओढत नव्हती. दूध गळून गळ्याखालची दुपटी भिजली होती.

तानुबाईने नळी तोंडातून काढली, बाटलीसकट उचलली आणि ओसरीवर आली. ओसरीवर खुशालराव गादीवर बसला होता. समोर अकोल्याचे दोन दलाल. गप्पा भावाच्या चालल्या होत्या, आणि बोलता बोलता खुशालराव गुडगुडीची नळी साफ करत होता. हातात तो लांब दांडीचा बारीक कुंचा.

तानुबाई त्या कुंच्याकडे पाहतच राहिली.

"हे काय हाये तुह्या हातात?"

"बाटलीसंगं आलं होतं थे. नळीसाठी बेस हाये. रोज काढलं नाई तर आत कीट धरते, अन् मंग धूर कडू—"

तो मध्येच थांबला. पण तानुबाई थांबली नाही. कंबरेचा विळा काढून तिने मैनाची नळी उभी चिरली आणि दलालांच्या समोर, पांढऱ्या गादीवर उघडी करून टाकली. आत पिवळट हिरवा थर जमला होता, दह्यासारखा. त्यात बारीक काहीतरी वळवळत होतं. वास असा आला की एक दलाल उठून अंगणात गेला.

"पाह्य!" ती ओरडली. "डोळे फाडून पाह्य! गुडगुडी कडू लागते म्हणून रोज साफ करतं तू! माह्या मैनाच्या तोंडात हे देल्लं! पंधरा दिवस देल्लं! तुह्या धुराची कदर हाये, लेकराची नाई! सायबाची वस्तू म्हणे! सायबानं त्याच्यासंगं कुंचा देल्ला होता, रे, मुर्दाडा! देल्ला होता!"

खुशालराव त्या चिरलेल्या नळीकडे पाहत बसला. हातातला कुंचा खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

"मले कोनी सांगतलं नाई, बाई," तो म्हणाला.

"तू इचारलं काय कोनाले? जीभ झडली असती काय तुही?"

मग ती आत गेली. मैनाला डाव्या मांडीवर घेतलं, आधी पेजेचं पाणी, मग पातळ केलेलं दूध, वातीने थेंब थेंब. गालावर बोट फिरवलं. मैना तोंड उघडायची, पण ओढायचं विसरली होती. थेंब ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर यायचा. तानुबाई तो पुसायची आणि दुसरा द्यायची. असे चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी आळीतल्या बायका वेचणीला निघाल्या, त्यांच्या बोलण्याचा आवाज दारावरून गेला, आणि तेवढ्यात मैना गेली.

दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत. खुशालरावाने तिला स्वतः उचलून नेलं आणि वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीखाली पुरलं. संध्याकाळी तो तानुबाईसमोर येऊन बसला.

"बाटली तिच्यासंगंच ठेवली," तो म्हणाला. "तिची होती थे. म्या हौसेनं आनली होती, बाई."

तानुबाईच्या छातीत नुसता जाळ झाला. मेल्यावरही पोरीच्या उशाशी तेच! पण समोर बसलेला माणूस गुडघ्यात डोकं घालून रडत होता, आणि तो तिचा धाकटा भाऊ होता. एवढा राग घेऊन कुठे जावं ते तिला कळेना. ती उठली, त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली.

आठवडाही झाला नाही तोच पलीकडच्या आळीतले महादेवराव आले. तेही कापसावर वर आलेले. ओसरीवर बसून त्यांनी दोन शब्द दुःखाचे काढले, घसा खाकरला आणि म्हणाले, "खुशालराव, थे काचेची बाटली आता तुमाले काय कामाची? आमाले द्या. नळी मी नवी आनतो अमरावतीहून."

खुशालराव काही बोलायच्या आत तानुबाई दारात आली.

"सुनेले दूध नाई काय, भाऊ?"

"हाये ना. भल्लं हाये. पन लेकरू सोडत नाई तिले. येचाले हात नाई आमच्याकडं, तानुबाई. बाटली असली म्हंजे थे मोकळी होईन."

तानुबाईला वाटलं आता आपण किंचाळणार. तिने चौकटीला घट्ट धरलं. मग डोक्यावरून पदर घेतला.

"चला," ती म्हणाली. "देतो."

ती पुढे आणि महादेवराव मागे, असे दोघे वावरात गेले. कपाशीच्या तासातासांत बायका कापूस वेचत होत्या. त्यांनी माना वर करून पाहिलं. धुऱ्यावर, बाभळीखाली, हातभर लांबीची माती अजून ताजी दिसत होती. वर काट्या ठेवलेल्या होत्या, कोल्ह्याने उकरू नये म्हणून.

तानुबाईने वाकून एकेक काटी बाजूला केली. तिच्या हाताला काटा लागला, तिने तो पाहिलाही नाही.

"इथं हाये तुमची बाटली," ती म्हणाली. "काढून घ्या."

महादेवराव मातीकडे पाहत उभे राहिले. मग पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या आणि तसेच, अनवाणी, आल्या वाटेने निघून गेले.

तानुबाईने काट्या परत रचल्या. दुसऱ्या दिवशी वेचणीला बायका आल्या, त्यांत महादेवरावांची सून नव्हती.