सत्तावीस नंबरच्या दिव्याची कबुली

एक होता वायरमन, एक होती त्याची बायको, एक होती त्यांची लेक. आणि तीन माणसं एकावर एक उभी राहिली तरी हात पोचणार नाही इतक्या उंचावर होता एक दिवा. तो दिवा मी. मी बोलतोय. जन्मभर वर टांगून नुसता घरघरत राहिलो, बोललो कधीच नाही. आता मला खाली उतरवलंय. भिंतीशी गोणपाटावर पडलोय आणि मन मोकळं करावंसं वाटतंय. ऐकणार असाल तर ऐका.

मी पाऱ्याचा दिवा. काचेच्या मोठ्या गोळ्यात दुसरी छोटी काच, तिच्यात पाऱ्याचा थेंब, डोक्यावर पत्र्याची परात आणि सोबत चोक नावाचं लोखंडी ओझं. माझी काच मधून मधून बदलली, नाही असं नाही. पण तुम्ही कवळी बसवलीत म्हणून माणूस बदलतो का? तसाच मीही तोच राहिलो.

कापडाच्या कारखान्यात तपासणीचा एक भला मोठा हॉल होता. उन्हानं कापडाचा रंग उडतो, म्हणून त्याला खिडक्या ठेवल्या नव्हत्या. पुढचं ये-जा करायचं दार बंद बोळात, उन्हात उघडणारं एकच, मागच्या अंगणातलं. खाली लांबच लांब टेबलं, टेबलांवर कापडाचे तागे आणि वर आम्ही साठ जण. मला टांगलं ते वायरमननं. हडकुळा माणूस, खिशात कायम टेस्टर, तोंडात कायम काहीतरी थट्टा. मला आकड्यात अडकवून म्हणाला, "बस बाबा इथं. सत्तावीस नंबर. हॉलच्या मध्यावरची जागा दिलीय तुला, नाव राख."

नाव काय राखतो! आमची जातच मोठी नखरेल. बटण दाबलं की लगेच उजेड, हे आमच्या स्वभावात नाही. आधी जांभळं व्हायचं, मग हिरवट, मग सावकाश पांढरं. वीज नुसती डोळा मिचकावून गेली तरी आम्ही साठही जण विझायचो आणि ती परत आली तरी अंग थंड झाल्याशिवाय पेटायचो नाही. तोवर खाली बायका हातावर हात ठेवून बसलेल्या. वायरमन म्हणायचा, "जावई रुसलेत हो! दहा मिनिटं कळ काढा, येतील आपोआप ताटावर."

बायका हसायच्या. पण खरं सांगायचं तर हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. आमच्या अंगातून उजेडाबरोबर आग निघायची. दुपारनंतर हॉल असा तापायचा की बायका पदर ओला करून मानेवर ठेवायच्या. आणि वय झालं तसा उजेड कमी होत गेला, पण खाणं होतं तेवढंच. घरातल्या एखाद्या म्हाताऱ्यानं काम सोडावं, भूक मात्र सोडू नये, तसं.

आज याची काच गेली, उद्या त्याचा चोक गेला. साठ जणांची दुखणी काढायची म्हणजे वायरमनला चार दिवस जमिनीवर पाय टेकायला मिळायचा नाही. शिडी, परत शिडी. कधी त्याची बायको डबा घेऊन यायची, कडेवर लेक. तो वर असला की ती मान खाली घालून उभी राहायची. लेक मात्र टाळ्या वाजवायची, "बाबा, अजून वर!"

त्या दिवशी मी विझलो. मीच. माझा चोक जळला. खाली घाईचा माल होता. माझ्या टेबलावरच्या दोघी अंधारात बसून राहिल्या. शिडी धरणारा माणूस जेवायला गेला होता. साहेब म्हणाले, "तो येईपर्यंत थांबायचं काय?" वायरमन म्हणाला, "नको, दोन मिनिटांचं तर काम आहे."

फरशीवर कापसाची बारीक लव साचलेली असते, गुळगुळीत. शिडीचा पाय सरकला. त्याचा हात माझ्या परातीच्या कडेला होता. माझ्या कडेला! मला बोटं असती तर मी त्याला सोडलं नसतं. पण पत्र्याला कुठली बोटं? परात वाकली आणि हात सुटला. खाली धाडकन आवाज झाला.

मला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी पेटवलं. त्याला कुणी पेटवू शकलं नाही.

लेक तेव्हा सात वर्षांची होती. कारखान्यानं बायकोला त्याच्या जागी कामावर घेतलं आणि रिकामं टेबल होतं कुठलं, तर माझ्या खालचं; आधीच्या दोघी तिथं बसायला तयार नव्हत्या. नाही म्हणायची सोय तिला नव्हती. आली, पदर खोचला, तागा उलगडला. सतरा वर्षं ती माझ्या उजेडात बसली, पण तिनं एकदाही वर पाहिलं नाही. मला तिचा फक्त भांग दिसायचा. तो काळ्याचा करडा झाला आणि करड्याचा पांढरा झाला, ते मी पाहिलं.

काम मात्र असं शिकली की विचारू नका. बोट फिरवून सांगायची, इथं धागा सुटलाय, इथं गाठ आहे. शेजारच्या टेबलावर एक जाडी बाई होती. अखंड बोलायची म्हणून तिला सगळे 'रेडिओ' म्हणत. ती म्हणायची, "वहिनी, तुमच्या बोटांना डोळे आहेत हो!"

आता मी कबुली देतो ती ऐका. माझ्या उजेडात एक खोट होती. त्यात पांढरं पांढरं दिसायचं, खाकी खाकी दिसायचं, पण काळं आणि गडद निळं शेजारी ठेवलं तर ब्रह्मदेवालाही वेगळं ओळखता आलं नसतं. बायकांना हे ठाऊक होतं. गडद माल आला की त्या ताग्याचं टोक काखेत धरून मागच्या दाराशी जायच्या, उन्हात धरून बघायच्या आणि परत यायच्या. याला त्या 'ताग्याला ऊन दाखवणं' म्हणायच्या. कुठल्या कागदावर हे लिहिलेलं नव्हतं. पहिलीनं केलं, दुसरीनं पाहिलं, तिसरीनं उचललं.

मग नवा सुपरवायझर आला. तरणाबांड, कडक इस्त्रीचा. त्यानं पाहिलं की बायका सारख्या उठून दाराशी जातात आणि दारातून धूळ आत येते. मागच्या दाराला कुलूप लागलं.

वायरमनची बायको उठून म्हणाली, "साहेब, इथल्या उजेडात काळं-निळं कळत नाही हो."

"साठ दिवे जळतायत डोक्यावर, मावशी! आणखी किती उजेड हवा? लग्नाचा मांडव घालू का?"

ती खाली बसून तागा उलगडू लागली. आणि व्हायचं तेच झालं. गडद माल त्या महिन्यात नेमका तिच्याच टेबलावर आला. काळे आणि निळे तागे तिनं एकाच गठ्ठ्यात बांधले. पुढं शिवणाऱ्यांनीही तसेच कापले असावेत, कारण माल जेव्हा परत आला तेव्हा सुपरवायझरनं एक पँट तिच्या टेबलावर आपटली. एक पाय काळा, एक पाय निळा. हॉलभर हशा पिकला. ती हसली नाही. ती पँट हातात घेऊन माझ्या खाली उलटसुलट बघत राहिली. माझ्या उजेडात दोन्ही पाय काळेच दिसत होते.

"बाकी कुणाच्या टेबलावरून तक्रार नाही. तुमचे डोळे गेलेत, मावशी. एक तारखेपासून चिंध्यांच्या गोदामात जा. तिथं काळंनिळं बघावं लागत नाही."

ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे. सुपरवायझरनं चिठ्ठी वाचून खिशात घातली. "मग पँट कशी झाली अशी?" ती पुन्हा उजेडाचं बोलली, तर म्हणाला, "बाकीच्याही त्याच उजेडात बसतात," आणि तिला स्वतःचीच शंका आली. खरं उत्तर माझ्याकडे होतं. पण मी घरघरण्यापलीकडे काय करणार?

गोदामाची भीती तिला नव्हती. पण आपल्या नजरेवरचा तिचा विश्वासच उडाला. रेडिओ दुसऱ्या एकीला सांगत होती, "अगं, वहिनी घरी बसून दोऱ्याची रिळं रंगवार लावते आणि लेकीला विचारते, बरोबर लावली का गं? सांगताना माझ्याच डोळ्यांत पाणी येतं." त्यानंतर ती बोट ठेवून झालेल्या जागेवरही पुन्हा पुन्हा बोट ठेवू लागली. एका ताग्याला दोन ताग्यांचा वेळ. मी वरून तिचा पांढरा भांग बघायचो आणि वाटायचं, आपण फुटून जावं. नवरा माझ्यापायी गेला. आता हिचे डोळेही माझ्याच पायी गेले म्हणायचे.

एक तारखेला आठ दिवस राहिले होते. त्या सकाळी हॉलमध्ये चाकांवरचा एक लोखंडी पाळणा आला, बटण दाबलं की सरळ वर जाणारा. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी सगळे दिवे बदलायला काढले होते. आधी एक लावून बघायचा, मग बाकीचे. आणि पाळण्यात कोण चढलं, तर तिची लेक! डोक्यावर टोप, कमरेला जाड पट्टा, खिशात टेस्टर. लेकीनं विजेचं काम शिकायला घेतलं तेव्हा आई आठ दिवस तिच्याशी बोलली नव्हती, हे मला रेडिओकडून कळलं होतं. तरी पोरगी शिकली, एका ठेकेदाराकडे लागली आणि आज इथं आली.

"आधी कुठला नंबर काढायचा?" खालच्या माणसानं विचारलं.

"सत्तावीस," ती म्हणाली. आईच्या डोक्यावरचा.

पाळणा वर आला. वाकलेल्या परातीवरून तिनं एकदा हात फिरवला. मला वाटलं, आता ही मला आपटणार. आपटलं असतं तर मी तोंडातून शब्द काढला नसता. पण तिनं पोराला न्हाऊ घालावं तसं जपून मला सोडवलं आणि खाली आणलं. म्हणाली, "याच्या पोटात पारा आहे, फोडू नका कुणी. हा वेगळ्या गाडीनं जायचा."

मी गोणपाटावर उताणा पडलो आणि वर पाहिलं. तेव्हा मला पहिल्यांदा तिचा चेहरा दिसला, आईचा. ती वर बघत होती. सतरा वर्षांत पहिल्यांदा. लेक पाळण्यात होती ना. ओठ घट्ट मिटलेले, हातातल्या ताग्याचा चोळामोळा झालेला.

माझ्या जागी एक चपटा, हलका दिवा बसला. लेकीनं बटण दाबलं आणि तो तिथल्या तिथं पेटला! जांभळा नाही, हिरवट नाही, घरघर नाही. मी रागावायला हवं होतं, पण त्या उजेडात टेबल असं स्वच्छ दिसत होतं की मला स्वतःचीच लाज वाटली.

आई टेबलापाशी गेली. समोर दोन तागे होते. तिनं एकावर हात ठेवला, दुसऱ्यावर ठेवला. मग हळूच म्हणाली, "अगं... हे निळं आहे."

"आणि ते?"

"ते काळं. हे निळं आणि ते काळं!" आणि ती खाली बसली. तोंडाला पदर लावून रडायला लागली. बाई जिंकल्यावर रडली असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं. चांगल्या डोळ्यांनी आंधळी होऊन काढलेले सगळे दिवस ती रडून घेत होती.

सुपरवायझर पुढं आला. "योगायोग असेल. मावशींना आधीच माहीत असेल कुठला कुठला ते."

लेक पाळण्यातून उतरली. तेच दोन तागे उचलून शेजारी, अठ्ठावीस नंबरच्या म्हाताऱ्याखाली, रेडिओच्या टेबलावर ठेवले. मध्ये दोन-तीनदा त्यांची अदलाबदल केली. "साहेब, आता तुम्ही सांगा. निळं कुठलं?"

त्यानं वाकून पाहिलं. चष्मा काढून पाहिलं. बोट एकावर गेलं, दुसऱ्यावर गेलं, परत पहिल्यावर आलं. "हे," तो म्हणाला.

लेकीनं तो तागा नव्या दिव्याखाली नेला. काळाकुट्ट.

रेडिओ म्हणाली, "साहेब, जाताना डॉक्टरकडे होऊन जा हं. आमच्या वहिनींची चिठ्ठी दाखवली तर रांग लावावी लागणार नाही." या वेळच्या हशात आईचाही आवाज होता.

मोठे साहेब मागं उभे होते. त्यांनीही दोन्हीकडे जाऊन पाहिलं, रेडिओकडून ताग्याला ऊन दाखवण्याची गोष्ट ऐकली आणि सुपरवायझरला एवढंच विचारलं, "मागच्या दाराला कुलूप का लावलं?" त्यानं खिशातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. वाईट माणूस नव्हता हो तो. त्यानं उजेड किती ते पाहिलं, कसा ते पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मावशी, चुकलो." तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मीही तर माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही, साहेब."

चार दिवसांत आम्ही साठही जण खाली आलो. नवे आमच्या निम्म्याहून कमी वीज खातात म्हणे. वीज डोळा मिचकावून गेली तर तेही मिचकावतात आणि पुन्हा लगेच हजर. दुपारी आता कुणी पदर ओला करत नाही. आणि वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी कुणाला वर चढावं लागायचं नाही, हे ऐकलं तेव्हा माझ्या वाकलेल्या परातीला फार बरं वाटलं. हे आधी झालं असतं तर? हा प्रश्न मी विचारतो, उत्तर कुणी देऊ नका.

तुमच्याकडे माझे भाऊबंद अजून मोठमोठ्या छपरांखाली घरघरत असतील. त्यांना उतरवा. त्यांची तक्रार नसेल. फक्त जपून उतरवा, उकिरड्यावर फोडू नका. आमच्यातला पारा मातीत, पाण्यात गेला तर आमचा आणखी एक गुन्हा वाढेल. आमच्यानं तो आता पेलवणार नाही.

आमची गाडी आज आली. मला खोक्यात घालत होते तेव्हा पाळी सुरू व्हायची वेळ होती. आई दाराशी आली. गोदामाचा हुकूम रद्द झालाय. आता सगळ्या तपासणीची मुख्य तीच आहे आणि नव्या मुलींना रंग ओळखायला तीच शिकवते. बरोबर लेक होती. कारखान्यानं तिला इथंच कायम ठेवून घेतलंय, सगळ्या हॉलचे दिवे तिच्या हाती दिलेत. दारावरच्या नव्या पहारेकऱ्यानं लेकीला अडवलं, "बाई, तुम्ही कोण?"

लेक काही बोलायच्या आत आई म्हणाली, "ही माझी लेक. वायरमन आहे इथली."

आणि दोघी मायलेकी एकाच पाळीला, एकाच दारानं आत गेल्या.