दाराचा दगड

एकोणीसशे सत्याऐंशी साली, थंडी नुकती सरत असताना, एका दुपारी पार्सलकाकांनी शोभेच्या माशांच्या दुकानातल्या फळीवर कापडी पिशवी ठेवली आणि तिची गाठ सोडायला लागले. गाठ साधीच होती, पण त्यांनी ती दोरा न तोडता, न ओढता, बोटांनी सैल करत सोडली. आतून दगड निघाला.

"हा मधोमध बसवायचा," ते म्हणाले. "बाकी तुम्हाला हवं ते करा."

दुकानात दगडांचं काम बघणारी बाई तेव्हा पस्तिशीची होती. मालक मासे आणि झाडं बघायचे, ती दगड. गिऱ्हाइकं तिला दगडताई म्हणत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तिचे वडील खाणीवर पाथरवट होते. लहानपणी ती त्यांचा डबा घेऊन जायची तेव्हा ते तिला सांगत, "दगडालाही कूस असते बघ. तो जमिनीत कुठल्या कुशीवर निजला होता ते रेघांवरून कळतं. त्याला त्याच कुशीवर ठेवला की तो शोभतो." वडील गेले, खाण बंद पडली, पण ही नजर तिच्याकडे राहिली. माशांच्या काचेच्या पेटीत दगड कसा बसेल ते ती दगड कोरडा असतानाच सांगायची, आणि तरी खात्रीसाठी तो ओला करून बघायची, कारण कोरडा दगड आणि ओला दगड यांत लग्नाआधीच्या आणि नंतरच्या माणसाइतका फरक असतो, असं तिची आई म्हणे.

"मधोमध नको, काका," दगडताई म्हणाली. "मोठा दगड मधोमध ठेवला की त्याचा पुतळा होतो. थोडा डावीकडे घेऊ, शेजारी दोन धाकटे ठेवू. तिघांच्या रेघा एकाच बाजूला झुकलेल्या. म्हणजे एका घरातले वाटतात."

"धाकटे कशाला? आमच्याकडे हा एकटाच होता."

"एकटा पाण्यात फार एकटा दिसतो हो."

पार्सलकाकांनी जरा विचार केला. "बरं," ते म्हणाले. "तुमच्या कामात मी बोलत नाही."

पार्सलकाका म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले कारकून. चौतीस वर्षं पार्सलांच्या खिडकीमागे बसले. पार्सल हातात घेतलं की काट्यावर ठेवायच्या आधीच ते वजन सांगत आणि रांगेतले लोक त्यावर चहाच्या पैजा लावत. त्या दिवशीही दुकानातून निघता निघता त्यांनी माशांच्या खाण्याची पुडी सहज उचलली आणि म्हणाले, "अर्धा किलो लिहिलंय. वीस ग्रॅम कमी आहे."

मालकांनी पुडी तराजूत टाकली. वीस ग्रॅम कमी होती.

"काका, तुम्ही माझ्या दुकानात नका येत जाऊ," मालक म्हणाले, आणि तिघंही हसले.

बायको जाऊन पार्सलकाकांना आठ महिने झाले होते. दुसऱ्या गावी असलेल्या लेकीने माशांसाठी दोन फुटी काचेची पेटी पाठवली होती. घरात काहीतरी हलतं-बोलतं असावं म्हणून. मासे बोलत नाहीत हे तिच्या लक्षात आलं नसावं.

दगड सुरेख होता. वीतभर उंच, खाली रुंद, वर निमुळता, करड्या रंगाचा. एक पांढरी रेघ कमरेवरून तिरकी गेलेली, आणि एका कोपऱ्याचा टवका उडालेला. दगडताईने तो मागच्या खोलीत नेला, ब्रशने घासला, उलटा केला आणि रिवाजाप्रमाणे बुडावर ॲसिडचा एक थेंब टाकला.

दगड फसफसला.

तिने पुसून पुन्हा दुसऱ्या जागी थेंब टाकला. पुन्हा बारीक बुडबुडे, सोड्याच्या बाटलीसारखे. चुनखडीचा दगड. असा दगड पेटीत ठेवला की दिवसाला कणभर विरघळत राहतो, पाण्यात चुना उतरत जातो. काकांनी निवडलेले ते टिकलीएवढे लाल-निळे मासे आणि मऊ पानांची झाडं त्यात हळूहळू खंगली असती. एकदम नाही, रोज थोडी थोडी. खुर्चीत बसून बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांदेखत.

"सांगून टाक," मालक दारातून म्हणाले. मालकांना सगळे शेवाळकाका म्हणत, कारण बारा वर्षं त्यांच्या अंगात एकच हिरवा स्वेटर होता. तो बदलला तर मासे बावचळतील, असं त्यांचं म्हणणं. "आज वाईट वाटेल, उद्या विसरतील. नंतर मासे मेले तर बायको दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल त्यांना."

"सांगते," दगडताई म्हणाली, आणि सांगण्यासाठीच दुसऱ्या दिवशी पेटीची जागा बघायच्या निमित्ताने त्यांच्या घरी गेली.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. गॅलरीचं दार बंद होतं आणि खोलीत कोंदटल्यासारखं झालं होतं. तिने सवयीने दार उघडलं, तर वारा आला आणि दार असं धाडकन आपटलं की कपाटावरचा डबा खाली पडला.

"म्हणून तर तो होता," पार्सलकाका डबा उचलत म्हणाले. "तीन वाजले की वारा सुटतो इथं. ती रोज तीनला दार उघडायची आणि दगड लावायची. सव्वीस वर्षं. संध्याकाळी मी उचलून आत घ्यायचो. लावायचं काम तिचं, उचलायचं माझं."

"आणला कुठून?"

"नदीवर गेलो होतो सगळे ऑफिसवाले. येताना बसमध्ये मांडीवर घेऊन बसली, पोर घ्यावं तशी. मी म्हटलं, घरात एक दगड आहे तो पुरत नाही का? तर सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाली, 'तुम्ही बोलता. हा निदान गप्प बसेल.'" पार्सलकाका हसले आणि मग हसू आवरून खुर्चीत बसले. "आता मला तो दाराला लावता येत नाही, ताई. लावायचं काम माझं नव्हतंच ना. म्हणून म्हटलं, समोर तरी दिसू दे."

दगडताईच्या तोंडाशी आलेलं वाक्य तिथेच थांबलं.

"पंधरा दिवस भिजत ठेवावा लागेल," ती म्हणाली. "मग बसवू."

जिना उतरताना तिलाच कळेना की आपण हे काय बोलून बसलो.

त्या पंधरा दिवसांत ती चार वेळा वडिलांच्या बंद पडलेल्या खाणीवर गेली. तिथे टाकून दिलेल्या दगडांचे ढीग होते. ती पाण्याची बाटली घेऊन ढिगाऱ्यावर चढायची, दगड ओले करायची, परत टाकायची. रंग मिळाला तर रेघ नसायची, रेघ मिळाली तर ती उलट्या बाजूला झुकलेली. आई घरी बोलून बोलून दमली. "लोकांच्या मुली साड्यांच्या दुकानात इतका वेळ घालवतात. ही दगड पसंत करतेय."

चौथ्या खेपेला मिळाला. तोच करडा रंग, गारेची तशीच तिरकी पांढरी रेघ. उंची दोन बोटं जास्त होती. दगडताईने ट्रंकेतून वडिलांची छिन्नी काढली, अस्सल दगड समोर ठेवला आणि दोन दिवस बसून नव्याला घडवला. शेवटी कोपऱ्याचा टवकाही उडवला, ओल्या मातीने घासून त्याचा कोरेपणा घालवला. दोन्ही दगड शेजारी ठेवले तेव्हा आई लांबून म्हणाली, "जुळे झाले गं बाई." मग जवळ येऊन म्हणाली, "हे चांगलं नाही करत आहेस तू."

"माहितीये."

"मग?"

"मग काय. ॲसिड टाकून बघितलं. हा फसफसत नाही."

पेटी बसवायच्या दिवशी दगडताईने तळाला पातळ फोमची पट्टी अंथरली. दगड नेहमी आधी ठेवायचे, वाळू मागून. वाळूवर दगड ठेवला आणि माशांनी खाली उकरलं तर तो कलंडून काच फोडतो. तिने दोन धाकटे दगड टेकवले आणि मोठ्यासाठी पिशवीत हात घातला.

"थांबा," पार्सलकाका म्हणाले. "हा मी ठेवतो."

त्यांनी बाह्या वर केल्या, दोन्ही हातांनी दगड घेतला आणि पेटीवर धरला. आणि तसेच थांबले. रेघ चुकली की काय? टवका? तिने मनातल्या मनात दोन्ही दगड पुन्हा शेजारी ठेवून पाहिले. कुठे काही चुकलं नव्हतं.

पार्सलकाकांनी दगड हळूच खाली टेकवला. "असा?"

"जरासा डावीकडे झुकवा. हां. बस."

मग तिने वाळू ओतली, पुढे उतरती, मागे चढती. धाकट्या दगडांना दोऱ्याने शेवाळ बांधलं, मागे लांब पानांची झाडं रोवली आणि वाळू उडू नये म्हणून बशीवर धार धरून पाणी सोडलं. पाणी दगडाच्या कमरेच्या रेघेपर्यंत चढलं, मग रेघ बुडाली आणि एकदम उजळली. पार्सलकाका खुर्चीत बसून बघत होते.

"छान झालं, ताई," ते म्हणाले. "फार कष्ट घेतलेत."

अस्सल दगड दगडताईच्या घरी राहिला. तिने तो पलंगाखाली ठेवला होता. आईने तो काढून स्वयंपाकघराच्या दाराला लावला. "तुझं पाप आहे ना, निदान काहीतरी काम करू दे त्याला," आई म्हणाली.

पुढची पाच वर्षं दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दगडताई पार्सलकाकांकडे पेटी साफ करायला गेली. बादलीभर जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं, काच घासायची, झाडं छाटायची. पार्सलकाका चहा करत. मासे वाढले, त्यांची पिल्लं झाली, मोठ्या दगडाच्या बुंध्याला मखमलीसारखं शेवाळ धरलं. प्रत्येक बुधवारी निघताना ती ठरवायची, आज सांगायचं. आणि प्रत्येक बुधवारी पार्सलकाका म्हणायचे, "आपला दगड कसा शोभतोय बघा," आणि ती बादली उचलून जिना उतरायची. गॅलरीचं दार मात्र पाच वर्षांत तिने कधी उघडं पाहिलं नाही.

मग एका बुधवारी पार्सलकाकांनी चहा देताना सांगितलं, की लेक न्यायला येते आहे. पुढच्या आठवड्यात. घर सोडायचं ठरलं. "पेटी तुमच्या दुकानात घेऊन जा. दगड तेवढा काढून ठेवते म्हणाली लेक, आईचा आहे म्हणून."

आता मात्र पळवाट उरली नाही. लेक त्या खाणीतल्या दगडाला आईचा म्हणून जन्मभर जपणार होती. त्या रात्री दगडताईला झोप लागली नाही, आणि सकाळी तिने स्वयंपाकघराच्या दाराचा दगड उचलून, पुसून, त्याच जुन्या कापडी पिशवीत घातला.

"काका," दुपारी त्यांच्या दारातच ती म्हणाली, "माझ्या हातून एक झालंय. आत येऊन बसले तर सांगणार नाही, म्हणून इथंच सांगते."

पार्सलकाकांनी पिशवी तिच्या हातून घेतली. गाठ सोडली नाही. नुसतीच हातात तोलली, एकदा, दोनदा. आणि त्यांचा चेहरा मऊ झाला.

"दोन किलो शंभर," ते म्हणाले. "कुठं होता इतकी वर्षं?"

"तुम्हाला... माहिती होतं?"

"अहो, सव्वीस वर्षं रोज संध्याकाळी उचललाय मी हा. तुमचा तो पेटीतला दोन किलो साडेतीनशे आहे. पाव किलोचा फरक. मला कळणार नाही?"

दगडताई उंबऱ्यातच खाली बसली. रंग, रेघ, टवका, सगळं तिने जुळवलं होतं. वजन तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. ती डोळ्यांचं काम करणारी बाई.

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तुमच्या हातून फुटला असेल, नाहीतर हरवला असेल. आणि तुम्ही घाबरून एवढा शोधलात, कोपरासुद्धा तसाच फोडलात. ज्या माणसानं एवढं केलं, त्याला काय विचारायचं? म्हटलं, जाऊ दे. मीच एकदा बोलून गेलो असतो, तर तुम्ही परत आला नसता. मग दर बुधवारी चहा कुणासाठी करायचा?"

तेव्हा तिने त्यांना थेंब, बुडबुडे, चुना, सगळं सांगितलं. पार्सलकाकांनी दगड बाहेर काढून उलटा केला. बुडावर ॲसिडचे दोन फिकट ठिपके होते. त्यांनी त्यांवरून अंगठा फिरवला आणि अचानक मोठ्याने हसायला लागले.

"म्हणजे हिचा दगड माझे मासे मारणार होता! अहो, ती असती ना, तर पहिल्याच दिवशी म्हणाली असती, दाराचा दगड दाराला लावा, पाण्यात कसला बुडवताय." हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

घड्याळात तीन वाजून गेले होते. पार्सलकाका उठले, गॅलरीचं दार उघडलं, आणि वारा येऊन ते फिरायच्या आत वाकून दगड लावला. दार दगडावर एकदा टकटकलं आणि थांबलं. पेटीवरचं कापड हललं.

त्यानंतर पार्सलकाका तो दगड घेऊन लेकीकडे गेले आणि तिथे नऊ वर्षं राहिले. तिथल्या पोस्टातली पोरं त्यांना मुद्दाम बोलावून वजनं ओळखायला लावत, असं लेकीने एका पत्रात कळवलं. शेवाळकाकांनी दुकान विकलं. स्वेटर मात्र शेवटपर्यंत अंगात होता. दुकानाच्या जागी आता चष्मे मिळतात. ते मासे आणि त्यांची नातवंडं दुकान बंद होईपर्यंत त्या दोन फुटी पेटीत होती; मग त्यातला खाणीतला दगड दगडताईने घरी आणला. आई म्हातारपणी दगडताईलाच आई म्हणू लागली, आणि एका सकाळी उठलीच नाही.

पार्सलकाका गेल्यावर दोन महिन्यांनी एक पार्सल आलं. कापडात शिवलेलं, टाके एकसारखे. पत्ता पार्सलकाकांच्याच अक्षरात होता, कधीतरी आधीच लिहून ठेवलेला. कोपऱ्यात वजन लिहिलं होतं: दोन किलो शंभर. दगडताईने ते शिवण न कापता, एकेक टाका उसवून उघडलं.

आता तिचेही केस पांढरे झालेत. दुपारी वारा सुटला की ती दोन दारं उघडते, एक पुढचं, एक मागचं. दोन्ही हातांत दोन दगड घेऊन ती घरातून चालत जाते. डोळ्यांना आता दोन्ही सारखेच दिसतात. पण मागच्या दाराशी कुठला ठेवायचा, ते तिला बघावं लागत नाही. तो हाताला पाव किलो हलका लागतो.