टायरची शिवण

बाबांनी शेवटच्या शर्यतीत वापरलेला टायर करी रोडच्या आमच्या खोलीत कपाटामागच्या खिळ्याला चौतीस वर्षं टांगलेला होता. दर दिवाळीला आई तो उतरवून पुसायची आणि मला म्हणायची, "टांग गं परत." मी टांगायचे, पण त्याच्याकडे बघायचे नाही.

बाबा मिलमध्ये साचेवाले होते. साचा म्हणजे माग. पण मिलने त्यांना घेतलं होतं ते सायकलसाठी. तेव्हा गिरण्यांचे खेळाडू असत; आमच्या मिलचे सायकलवालेही होते, बाबा आणि त्यांचे दोस्त लवूकाका धरून पाच जण. अर्धी पाळी साच्यावर, मग शीवपर्यंत सराव. राज्य स्पर्धेत बाबा दोनदा दुसरे आले होते. चाळीत त्यांना आनंदा म्हणून कोणी हाक मारत नसे. "ए रेसर, दूध आणायला पण घड्याळ लावून जातोस काय रे?" असं विचारत.

संप सुरू झाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. वर्ष उलटलं तरी मिलचा भोंगा वाजला नाही. त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत वरळी सी फेसवर एक शर्यत ठरली. पहिल्या तिघांना एका सरकारी खात्याच्या संघात घेणार होते, म्हणजे कायमची नोकरी. बाबा तेहतीस वर्षांचे होते. पुन्हा अशी संधी येणार नाही हे मलाही कळत होतं, कारण आई-बाबा त्याबद्दल अजिबात बोलत नव्हते. आईने फक्त जर्सीवरचं मिलचं नाव टाका टाका करून उसवलं.

आदल्या दुपारी मागचा टायर पंक्चर निघाला. शर्यतीचा टायर साधा नसतो. ट्यूब आत घालून तो शिवलेला असतो, शिवणीवर कापडी पट्टी चिकटवतात आणि मग तो रिमवर बसवतात. पंक्चर काढायचं तर पट्टी सोलून शिवण उसवायची, ठिगळ लावायचं आणि पुन्हा शिवायचं. बोटं बारीक म्हणून हे काम माझं होतं. शेवटची गाठ मात्र मिलमधली, चपटी, बोटाला न लागणारी.

बाबा ती शिकवताना म्हणायचे, "साच्यावर एक धागा तुटला की हात दांड्यावर गेला पाहिजे. डोकं विचार करेपर्यंत साचा थांबलेला पाहिजे, नाहीतर कापड गेलं. मग ही गाठ. कापडात कुठे आहे ते कळता कामा नये."

त्या दुपारी शिवण संपत आली आणि खालून कोणीतरी बाबांना हाक मारली. मी तीनदा प्रयत्न केला, ती गाठ जमेना. शेवटी रिबिनीला मारतात तशी साधी गाठ मारली, वर आणखी एक मारली. बाबा परत आले.

"झालं?"

"झालं."

त्यांनी न बघता पट्टी चिकटवली.

शर्यत वीस फेऱ्यांची होती. आई आणि मी वळणावर उभ्या होतो. एकोणीस फेऱ्या बाबा पहिल्या तिघांत होते. विसाव्या फेरीत, आमच्यापासून पन्नासेक पावलांवर, ते थांबले. खाली उतरले, मागचं चाक उचलून फिरवलं, वाकून पाहिलं. तेवढ्यात मागून येणारे लवूकाका पुढे निघून गेले. बाबा पुन्हा बसले आणि चौथे आले.

घरी येऊन ते आईला म्हणाले, "शिवण सुटत होती गं. म्हणून थांबलो."

आईने जर्सी भिजत घातली. मी दोन्ही हात फ्रॉकमागे लपवले.

लवूकाका तिसरे आले, त्यांना नोकरी लागली. मिल उघडली नाही. बाबांनी नंतर भायखळ्याला एका सायकलच्या दुकानात तीस वर्षं काम केलं; भाजीवाल्यांच्या सायकली, पुढे टॉवरमधल्या मुलांच्या बीएमएक्स. ते कधी कुरकुरले नाहीत. मला कॉलेजात घातलं. मी शेकड्याने पुस्तकं वाचली, पण त्या गाठीविषयी एक वाक्य मला त्यांच्याशी बोलता आलं नाही. या जानेवारीत ते गेले.

तेराव्याला लवूकाका आले. पानावर बसले, पण जेवण नीट गेलं नाही त्यांना. मंडळी पांगल्यावर म्हणाले, "सरू, तुका एक सांगाचा आसा. तो टायर अजून आसा?"

"आहे."

"त्या टायराक त्या दिवशी काय एक झाला नव्हता."

मी हातातली ताटं खाली ठेवली.

"मी मागसून होतंय ना. पट्टीचो कोपरो सुटलेलो, तो ब्रेकाक लागा होतो. टिक टिक. तेवढाच. तुझो बापूस थांबलो, मी पुढे गेलंय. नंतर इचारलंय, अरे थांबलस कित्याक? तर हसान म्हणता, धागो तुटल्यासारखो वाटलो, हात आपसूक गेलो."

"मग आम्हाला शिवण सुटली म्हणून का सांगितलं?"

"माका शपथ घातलेली. म्हणालो, गिरण बंद पडून वरीस झाला नि मी अजून साचो चालवतंय, ह्या कोणाक सांगू?" त्यांनी डोळे पुसले. "तिसरो नंबर तेचो होतो गो."

"काका, तुम्ही शर्यत खेळत होता," मी म्हटलं. "पुढे जायचंच असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टायर उतरवला आणि खिडकीपाशी बसले. पट्टी सुकून गेली होती, डिंकाचे पिवळे पापुद्रे मांडीवर पडले. एक कोपरा खरंच आधीपासून सुटलेला होता, कडेला झिजून मऊ झालेला. शिवण सरळ होती, माझ्या दहा वर्षांच्या हाताला शोभेल इतकी. आणि शेवटी माझी गाठ होती, बोटाला टोचणारी, ओबडधोबड, एकावर एक.

मी तिच्यात नख घातलं. हलली नाही. दोन्ही हातांची नखं लावून ओढली.

आईने आतून विचारलं, "काय करतेस गं तिथे?"

"गाठ बघतेय."

"सुटत नसेल तर कात्री घे."

"नको," मी म्हटलं आणि पट्टी परत बसवायला डिंक शोधू लागले.