शिकऱ्याचे लाल डोळे

सकाळी आठलाच लॉन्ड्रीवाल्या ताईंच्या परसात मुंगी शिरायला जागा नव्हती. कपड्यांच्या तारेखाली एक चमत्कारी बाबा खुर्ची टाकून बसलेला. समोर दाणे विखुरलेले, भिंतीवर एक शिकारी पक्षी.

“सोमवारी ह्याचे डोळे कसे होते?”

“पिवळे!” गर्दी ओरडली.

“आणि आज?”

“लाल!”

“पोरीचा आजार ह्यानं डोळ्यांत ओढून घेतलाय! म्हणून तर सुई बंद केली आपण!”

मी शेजारी राहतो, जनावरांचा डॉक्टर आहे. गळ्यात दुर्बीण अडकवून चार दिवस कुंपणापलीकडून हा तमाशा बघत होतो आणि खुशाल हसत होतो. पण ‘सुई बंद’ ऐकलं आणि हसू तिथंच थांबलं. ताईंच्या बारा वर्षांच्या मुलीचा जीव रोजच्या इन्शुलिनवर होता.

कुंपण ओलांडून आत घुसलो. “ताई, सुई कधीपासून बंद?”

“सोमवारपासून. आज पाचवा दिवस. पण शांत झोपलीये हो.”

कसली झोप! खोलीत पोर बेशुद्ध पडून धापा टाकत होती. श्वासाला कुजक्या फळांचा वास येत होता. तिला उचलून मी बाहेर आलो, तर बाबा आडवा आला.

“हिला हलवलंत तर आजार परत हिच्यात शिरेल!”

ताईंनी माझा दंड घट्ट धरला. माझं डोकंच फिरलं.

“ही दुर्बीण घ्या आणि त्या उंच झाडावर बघा. घरटं दिसलं?”

तेवढ्यात भिंतीवरच्या पक्ष्यानं दाण्यांवरची चिमणी उचलली आणि तो झाडावर गेला. घरट्यातून दुसरा, मोठा पक्षी उठला. त्यानं चिमणी घेतली.

“दोन आहेत,” ताई पुटपुटल्या. “मोठ्याचे डोळे पिवळे...”

“शिकऱ्याची जोडी आहे. पिवळ्या डोळ्यांची मादी, लाल डोळ्यांचा नर. मादी अंड्यांवर बसली, म्हणून शिकारीला आता नर येतो. दाणे ह्या बाबानंच टाकायला लावले ना? दाण्यांवर चिमण्या येतात आणि चिमण्यांवर शिकरा. बाबाची खोली त्याच झाडाखाली आहे, त्याला दोघंही रोज दिसतात.”

बाबाची खुर्ची रिकामी होती. कधी सटकला, कळलंही नाही.

“मग आजार गेला कुठं?” ताईंनी विचारलं.

“कुठंच नाही, ताई. तिच्यातच आहे.”

मग मात्र ताई माझ्या गाडीकडे धावत सुटल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनी शिकस्त केली. संध्याकाळी पोर गेली. ताई रडल्या नाहीत. माझ्याकडे बघत म्हणाल्या, “सोमवारीच आला असतात तर?”

खोटं बोलणं जमलं नाही. “वाचली असती,” मी म्हणालो.

म्हणून हात जोडून सांगतो. पक्षी ओळखता नाही आला तरी चालेल. पण कुणाच्या सांगण्यावरून शेजारी एखाद्याचं औषध थांबलंय असं कळलं, तर त्याच दिवशी दार ठोठावा. आत जा आणि भांडा.